उपनगरी स्थानक व गाडीबदल : घाटकोपरचे उदाहरण

शहरी वाहतुकीच्या अभ्यासात मार्गाची क्षमता मोजण्याचा प्रघात आहे. ताशी किती गाड्या धावतात, एका गाडीस डबे किती आणि एका डब्यात माणसे किती मावतात, या तीन आकड्यांच्या गुणाकाराने ती क्षमता काढली जाते. परंतु जेथे दोन मार्ग एकत्र येतात आणि उतारूला एका गाडीतून उतरून दुसरीत चढावे लागते, तेथे हा गुणाकार अपुरा पडतो. दोन गाड्यांमधील अंतर उतारू पायांनी चालून जातो. आणि ज्या जिन्यावरून व पुलावरून तो चालतो, त्याची रुंदी हीच त्या ठिकाणची खरी मर्यादा ठरते. मुंबईतील घाटकोपर स्थानक हे या विधानाचे बोलके उदाहरण होय.

१. मार्गरचनेची पार्श्वभूमी

मुंबईतील जुन्या लोहमार्गांची रचना मुख्यतः दक्षिणोत्तर आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. पुढे १८६४ मध्ये सुरतेकडून येणारा दुसऱ्या कंपनीचा मार्ग ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. पहिला मार्ग साष्टी बेटाच्या पूर्वेकडून, तर दुसरा पश्चिमेकडून गेला. दोहोंचे लक्ष दक्षिणेकडील बंदर व बाजारपेठ यांवर होते. बेटाच्या मध्यभागी डोंगर, वने व तलाव असल्यामुळे आणि मार्ग परस्परस्पर्धी कंपन्यांचे असल्यामुळे त्यांना आडवे जोडण्याची निकड कोणास भासली नाही. १९५१ मध्ये हे मार्ग अनुक्रमे मध्य व पश्चिम रेल्वेत समाविष्ट झाले, तरी नकाशा बदलला नाही.

याचा परिणाम असा झाला की, ठाणे वा मुलुंड येथून अंधेरीस जाऊ इच्छिणारा उतारू दक्षिणेस दादरपर्यंत येई, तेथे गाडी बदली आणि पुन्हा उत्तरेस जाई. घाटकोपर ते दादर सुमारे १० किलोमीटर व दादर ते अंधेरी सुमारे १२ किलोमीटर, म्हणजे एकूण २२ किलोमीटरांचा हा फेरा. वास्तविक घाटकोपर व अंधेरी यांमधील सडकेचे अंतर आठ किलोमीटरांच्या आसपास आहे. हा फेरा ज्याला टाळावयाचा असे, त्याला बेस्टच्या ३४० क्रमांकाच्या बसचा किंवा रिक्षाचा आश्रय घ्यावा लागे, आणि साकीनाक्याच्या कोंडीत वेळ घालवावा लागे.

२. आडव्या मार्गाचे दोन प्रयत्न

पूर्व-पश्चिम जोडणीची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. १९२८ मध्ये तुर्भे (ट्रॉम्बे) ते अंधेरी असा कुर्ल्यावरून जाणारा सुमारे १३ किलोमीटरांचा लोहमार्ग सुरू झाला होता. परंतु अवघ्या सहा वर्षांत, १९३४ मध्ये, तो उखडण्यात आला. त्यानंतर अंधेरीची आडवी जोडणी लोहमार्गाने पुन्हा साधावयास आठ दशके लागली. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर हा मेट्रोचा पहिला मार्ग खुला झाला. त्याची लांबी ११.४ किलोमीटर असून त्यावर १२ स्थानके आहेत. सडकेवरून तासाहून अधिक वेळ घेणारा प्रवास त्यामुळे वीस-बावीस मिनिटांत होऊ लागला.

घाटकोपरचे स्वरूप त्या दिवशी पालटले. तोवर ते विद्याविहार व विक्रोळी यांमधील एक गजबजलेले उपनगरी स्थानक होते. आता ते दोन मार्गांच्या संयोगाचे ठिकाण झाले. पुढे या मेट्रोमार्गाला आणखी मार्ग मिळाले. २०२३ मध्ये पश्चिम उपनगरांतील दोन मेट्रोमार्ग अंधेरीच्या परिसरात पूर्ण होऊन त्याला जोडले गेले, आणि २०२४ मध्ये भुयारी मार्गाचा पहिला टप्पा मरोळनाका येथे त्यास मिळाला. प्रत्येक नव्या जोडणीबरोबर घाटकोपरला गाडी बदलण्याचे कारण असलेल्या उतारूंचा वर्ग विस्तारत जातो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

३. दोन व्यवस्थांमधील भेद

उपनगरी रेल्वे व मेट्रो या केवळ दोन वेगळ्या गाड्या नसून दोन भिन्न व्यवस्था आहेत. रेल्वेचा मार्ग रुंद, म्हणजे १६७६ मिलिमीटरांचा. मेट्रोचा १४३५ मिलिमीटरांचा. त्यामुळे एकीची गाडी दुसरीच्या रुळांवर जाणे शक्य नाही; माणसालाच उतरावे लागते. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. उपनगरी स्थानक हे खुले असते. तेथे उतारूला अडविणारे फाटक नसते, तिकीट मधूनमधून तपासले जाते. मेट्रोचे स्थानक बंदिस्त असते. तेथे सामानाची तपासणी होते आणि प्रत्येक उतारू यांत्रिक फाटकातून एकेक करून आत जातो. खुल्या व्यवस्थेतून बंदिस्त व्यवस्थेकडे जाणारा प्रवाह सीमेवर तुंबतो.

तिसरा भेद गाडीच्या आकाराचा. मध्य रेल्वेच्या उपनगरी गाड्या बहुतांशी १२ डब्यांच्या व काही १५ डब्यांच्या असतात. मेट्रो सुरू झाली ती ४ डब्यांच्या गाड्यांनिशी. सकाळी मोठ्या गाडीतील लोंढा लहान गाडीकडे वळतो. सायंकाळी प्रवाह उलट होतो. तेव्हा लहान गाडीतील माणसे मोठ्या गाडीत मावतील असे वाटते, परंतु दक्षिणेकडून येणारी गाडी घाटकोपरला पोहोचेपर्यंत भरलेली असते. म्हणून सकाळी गर्दी मेट्रोच्या दाराशी साचते, तर सायंकाळी रेल्वेच्या फलाटावर.

४. जिन्याचे गणित

पादचाऱ्यांच्या प्रवाहाचा पद्धतशीर अभ्यास जॉन फ्रुइन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापासून सर्वपरिचित झाला. त्या परंपरेतील मापनांनुसार, एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेने मिनिटास फार तर सुमारे ८० माणसे जातात. जिना चढताना हीच संख्या सुमारे ५५ वर येते. एक कल्पित उदाहरण घ्यावे. एका गाडीतून ९०० उतारू गाडीबदलासाठी उतरले आणि त्यांच्या वाट्याला ३ मीटर रुंदीचा जिना आला, तर मिनिटास १६५ माणसे वर जातील व सर्वांना वर जाण्यास साडेपाच मिनिटे लागतील. पुढची गाडी चार मिनिटांनी आली, तर मागचे सुमारे २४० उतारू जिन्याखाली उभे असतानाच नवे ९०० त्यांत मिसळतील. चार मिनिटांत फलाट मोकळा व्हावयाचा असेल, तर चार मीटरांहून अधिक रुंदी हवी. आणि समोरून उतरणारी माणसेही त्याच जिन्यावर असतील, तर त्याहूनही अधिक.

यातून निघणारा निष्कर्ष प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. अशा स्थानकावर केवळ गाड्यांची संख्या वाढविल्याने सोय वाढतेच असे नाही. जिना तोच राहिला, तर गर्दी गाडीतून निघून जिन्यावर येते.

५. उपेक्षेचे मोल

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड व परळ ही दोन स्थानके जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. पाऊस कोसळत असल्यामुळे माणसे पुलावर व जिन्यावर थांबली होती, आणि खालून नव्या गाड्यांतील माणसे येतच होती. गाड्या नियमित धावत असताना व रूळ शाबूत असतानाही हा अनर्थ घडला. कारण येणारा ओघ चालू होता आणि जाणारा थांबला होता. त्यानंतर लष्कराच्या साहाय्याने नवा पूल उभारण्यात येऊन तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. गिरणगावाच्या जागी कचेऱ्या उभ्या राहिल्या, उतारूंची संख्या व दिशा बदलली. पूल मात्र जुन्या काळाच्या मापाचा राहिला होता.

घाटकोपरचा धडा हाच आहे. मेट्रोमार्ग आखताना त्याच्या दोन टोकांमधील वेळेचा हिशेब काटेकोरपणे केला जातो. परंतु उतारूचा प्रवास एका गाडीच्या दारापासून दुसऱ्या गाडीच्या दारापर्यंतही चालू असतो. ती वाट कोणत्याच मार्गाच्या वेळापत्रकात दिसत नाही आणि दोन संस्थांच्या हद्दींवर वसल्यामुळे तिची जबाबदारीही विभागली जाते. म्हणून संयोगस्थानकाच्या अभ्यासात फलाट, जिना, पूल, फाटक व बाहेरील बसथांबा यांतील प्रत्येक टप्प्याचा मिनिटास होणारा निचरा स्वतंत्रपणे मोजला गेला पाहिजे. या साखळीतील सर्वांत अरुंद कडी जेवढी, तेवढीच त्या स्थानकाची क्षमता मानावी.