हक्काची रजा, हक्काचा किनारा

मध्य फ्रान्समधल्या लापालिस या छोट्याशा गावात दर दोन वर्षांनी, ऑक्टोबरात, लोक हौसेने वाहतूक कोंडी करतात. जुन्या सिट्रोएन, रेनो, प्यूजो गाड्या दूरदुरून येतात. टपावर दोरीने आवळलेल्या बॅगा, आत जुन्या फॅशनचे कपडे घातलेली कुटुंबं, चौकात जुन्या गणवेशातला पोलीस. गाड्या मुद्दाम एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि भोंगे वाजू लागतात. २००६ मध्ये गावाला वळसा घालणारा रस्ता झाला, तेव्हा लापालिसकरांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. पण त्याच वर्षी त्यांनी या खोट्या कोंडीचा पहिला उत्सवही भरवला.

हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ७. पॅरिसहून निघून इटलीच्या हद्दीजवळच्या माँतोंपर्यंत जाणारा, जवळपास हजार किलोमीटरचा. शार्ल त्रेने या गायकाने १९५५ मध्ये त्याच्यावर गाणं केलं आणि ते देशभर गाजलं. सुट्टी लागली की अख्खा उत्तर फ्रान्स याच रस्त्याने भूमध्य समुद्राकडे निघायचा. वाटेत माँतेलिमार लागायचं. तिथे गाड्या तासन् तास अडकायच्या आणि तेवढ्यात मध-बदामाचं नूगा विकणाऱ्यांची चांदी व्हायची. पुढे १९६८ मध्ये द्रुतगती मार्गाने गाड्या गावाबाहेरून वळवल्या आणि कोंडीवर पोसलेला तो धंदा एकदम बसला. गणपतीच्या तोंडावर पेण-वडखळला अडकलेल्या चाकरमान्याला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

फ्रेंचांची सुट्टी इतकी एकगठ्ठा असते की तिचं नियोजन सरकारला करावं लागतं. १९७५ च्या उन्हाळ्यात एकाच वेळी देशभरात मिळून ६०० किलोमीटर रस्ते तुंबले. त्यानंतर १९७६ पासून कोणत्या दिवशी घराबाहेर पडावं आणि कधी पडू नये, हे सरकार रंगांनी सांगू लागलं. हिरवा म्हणजे खुशाल निघा, मग नारिंगी, मग लाल. आणि काळा रंग दिसला तर गाडीची किल्ली कपाटातच ठेवलेली बरी. जुलैतले परतणारे आणि ऑगस्टमधले निघणारे एकमेकांसमोर येतात तो शनिवार हमखास काळा असतो.

हे सगळं परंपरेने चालत आलेलं वाटतं. वास्तविक सामान्य फ्रेंच माणसाच्या सुट्टीला जन्मतारीख आहे: २० जून १९३६. त्या वर्षीच्या मे-जूनमध्ये लाखो कामगारांनी संप केले, कारखाने ताब्यात घेतले, यंत्रांशेजारी पथाऱ्या पसरल्या, अंगणात ॲकॉर्डियन वाजवून नाच केले. लेओं ब्लूम यांचं डाव्या आघाडीचं सरकार नुकतंच आलं होतं. त्याने पंधरा दिवसांच्या भरपगारी रजेचा कायदा संसदेत मांडला आणि तो जवळजवळ एकमताने मंजूर झाला. पाठोपाठ आठवड्याला चाळीस तासांचा कायदा आला.

पण रजा मिळाली म्हणून प्रवास होतो असं नाही. तिकिटाला पैसे लागतात. क्रीडा आणि विरंगुळ्याचं खातं सांभाळणारे लेओ लाग्रांज हे तरुण उपमंत्री रेल्वे कंपन्यांच्या मागे लागले आणि कामगारांसाठी चाळीस टक्के सवलतीचं वार्षिक तिकीट सुरू झालं. पहिल्याच उन्हाळ्यात सहा लाखांच्या आसपास तिकिटं खपली. सवलत कमी झाली असली तरी या तिकिटाचा वारस आजही फ्रेंच रेल्वेत मिळतो. खिडकीवर त्याचा अर्ज मागणारे फार थोडे, ही गोष्ट वेगळी.

त्याआधी समुद्र होता तो पैसेवाल्यांचा. पॅरिस ते दिएप रेल्वे १८४८ मध्ये पोचली आणि नॉर्मंडीचा किनारा राजधानीच्या अंगणात आला. तिसऱ्या नेपोलियनचा सावत्र भाऊ ड्यूक द मॉर्नी याने १८६० च्या दशकात दलदल बुजवून दोव्हिल वसवलं, घोड्यांच्या शर्यतींसकट. शेजारच्या त्रूव्हिलला १८७० मध्ये चित्रकार क्लोद मोने बायकोला घेऊन आला. छत्री घेतलेल्या दोन स्त्रियांचं त्याने तिथे काढलेलं छोटं चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. चित्र जवळून तपासलं तेव्हा रंगात अडकलेले वाळूचे कण सापडले. वारा सुटला होता आणि मोने खरोखरच पुळणीवर बसून रंगवत होता, याचा यापेक्षा पक्का पुरावा कोणता! त्या चित्रातल्या बायकांच्या अंगावर गळ्यापासून पायापर्यंत कपडे आहेत. समुद्रावर लोक तेव्हा हवा खायला, प्रकृती सुधारायला आणि मुख्य म्हणजे एकमेकांना दिसायला जात.

दक्षिणेचा किनारा तर थंडीत जाण्याचा होता. इंग्रज उमराव आणि रशियन राजघराण्यातले लोक नीसला हिवाळा काढत आणि उन्हं तापली की निघून जात. १९३६ च्या ऑगस्टमध्ये अशा किनाऱ्यांवर सायकली घेऊन, टोप्या घातलेले कामगार उतरले, तेव्हा प्रतिष्ठितांच्या वर्तमानपत्रांनी नाकं मुरडली. तरी बहुसंख्य कामगार त्या साली समुद्रावर गेलेच नाहीत. ते गेले आपल्या किंवा बायकोच्या गावी, नाहीतर जवळच्या नदीकाठी. कायद्याने दिलेली रजा पुढे वाढत गेली: १९५६ मध्ये तीन आठवडे, १९६९ मध्ये चार, १९८२ मध्ये पाच.

मराठी प्रवाशाच्या नकाशात मात्र हा देश तुटक दिसतो. इथून निघणाऱ्या सहलींमध्ये फ्रान्स म्हणजे बहुधा आयफेल टॉवर, सीन नदीतली बोट आणि तिथून थेट स्वित्झर्लंड. बोटीने विलायतेला जाणाऱ्या पिढ्यांचं वेगळं होतं. मुंबईहून निघालेले कितीतरी लोक मार्सेला उतरून रेल्वेने उत्तरेकडे जात, म्हणजे फ्रान्सचा ग्रामीण भाग निदान डब्याच्या खिडकीतून तरी त्यांना दिसे. मार्से हे नाव मराठी घरांत पोचलं ते अर्थात वेगळ्या कारणाने: ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीच्या गवाक्षातून इथल्याच बंदरात उडी घेतली. फ्रेंच भूमीवर पकडलेला माणूस इंग्रजांच्या हवाली करणं योग्य होतं का, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला आणि १९११ मध्ये निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला.

खेड्यांकडे सुट्टी वळवण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतरची. आल्प्सच्या दक्षिण उतारावरची गावं ओस पडत होती, घरांची छपरं कोसळत होती. तिथले सिनेटर एमिल ओबेर यांनी एक साधा हिशेब मांडला: शेतकऱ्याला रिकामी घरं दुरुस्त करायला मदत द्या, ती त्याने शहरातल्या बेताच्या कमाईच्या कुटुंबांना आठवड्याने भाड्याने द्यावीत. पहिलं असं घर, म्हणजे 'जीत', १९५१ मध्ये सुरू झालं आणि १९५५ मध्ये या घरांची देशव्यापी संघटना उभी राहिली. तिच्याकडे हॉटेलांसारखे तारे नाहीत, गव्हाच्या लोंब्या आहेत. घराचा दर्जा जितका चांगला तितक्या लोंब्या जास्त. पाहुण्याने स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा, आठवडी बाजारातून चीज, पीच आणि टोमॅटो आणायचे. शेतकरी कुटुंबाला या भाड्याने तगवलं, हे खरंच. पण आज हीच घरं बऱ्याच ठिकाणी शहरातल्या मालकांची आहेत, हेही तितकंच खरं.

१९८२ मध्ये शार्ल सेराक या नगराध्यक्षाने आणखी एक युक्ती काढली. त्यांचं गाव कोलाँज-ला-रूज, अख्खं तांबड्या वालुकाश्मात बांधलेलं. 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं' अशी एक संघटना त्यांनी काढली. लोकवस्ती दोन हजारांच्या आत आणि किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं, या तिच्या मुख्य अटी. अशी गावं आता पावणेदोनशेच्या आसपास आहेत. ती देखणी आहेत यात वाद नाही. मात्र भर दुपारी त्यातल्या एखाद्या गावात साबण, लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या आणि आइस्क्रीम मिळतं, पण खिळे मिळत नाहीत, तेव्हा हे गाव कुणासाठी उरलं आहे असा प्रश्न पडतोच.

किनाऱ्याची कथा याहून चुरशीची आहे, कारण तिथे जमीन थोडी आणि गिऱ्हाईक फार. ब्रिटनीच्या कड्यांवरून एक पायवाट जाते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९१ पासून, चोरटा माल पकडण्यासाठी जकातीचे शिपाई रात्रंदिवस इथून गस्त घालत. तस्करी कमी झाली, शिपाई गेले, वाट झुडपांत बुजली आणि तिच्या दोन्ही अंगांना खासगी बंगल्यांची कुंपणं आली. पदभ्रमण करणाऱ्या मंडळींनी ती पुन्हा तुकड्यातुकड्याने मोकळी केली. मग ३१ डिसेंबर १९७६ च्या कायद्याने समुद्रालगतच्या खासगी जमिनीतून तीन मीटर रुंदीची वाट सर्वांना चालण्यासाठी खुली केली. मालकी मालकाची, पण पाय कुणाचाही. आज ही वाट माँ-सँ-मिशेलपासून सँ-नाझेरपर्यंत दोन हजारांहून अधिक किलोमीटर चालता येते.

एवढ्यावर फ्रान्स थांबला नाही. १९७५ मध्ये किनाऱ्यावरची जमीन विकत घेणारी एक सरकारी संस्था स्थापन झाली. तिने घेतलेली जमीन पुन्हा विकता येत नाही. सागरापारचे प्रांत धरून तिच्या देखरेखीखाली आता दोन लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र आहे. १९८६ च्या किनारा कायद्याने वस्तीबाहेर भरतीरेषेपासून शंभर मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला बंदी केली. पुळणीवर खुर्च्या-छत्र्या मांडणाऱ्यांनाही मर्यादा आहे: नैसर्गिक पुळणीचा ऐंशी टक्के भाग मोकळा ठेवावा लागतो. टॉवेल अंथरून फुकट पडून राहण्याचा हक्क फ्रेंच माणूस फार गंभीरपणे घेतो.

या किनाऱ्यावरचा खरा मालक भरती-ओहोटी. माँ-सँ-मिशेलच्या उपसागरात उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी चौदा मीटरपर्यंत चढ-उतार करते. भांगाची भरती आणि उधाणाची भरती यांतला फरक फ्रेंच लोक २० ते १२० या आकड्यांनी मोजतात आणि त्याचं वेळापत्रक किनाऱ्यावरच्या दुकानांत मिळतं. १८७९ मध्ये माँ-सँ-मिशेल या मठाच्या बेटाला मातीच्या भरावाने जमिनीशी जोडलं आणि हळूहळू भोवती गाळ साचला. बेट बेट राहीना. मग कुएनों नदीवर गाळ लोटणारा बंधारा आला, २०१४ मध्ये खांबांवरचा पूल झाला, भराव काढून टाकला. २१ मार्च २०१५ ला ११९ आकड्याचं उधाण आलं, तेव्हा पाण्याने बेटाला पुन्हा चहूबाजूंनी वेढलं.

मोठ्या ओहोटीला सगळा गाव गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून चिखलात उतरतो. हातात छोटी दाताळी, बादली आणि एक प्लॅस्टिकची मापपट्टी. तिसऱ्यांच्या जातीचा शिंपला उकरायचा, पट्टीच्या खाचेत धरायचा. चार सेंटीमीटरपेक्षा लहान निघाला तर परत वाळूत. कांकालच्या बंदरात कालवं तिथल्या तिथे फोडून, लिंबू पिळून देतात. लोक बांधावर बसून खातात आणि शिंपा खाली पुळणीवर भिरकावतात. तिथे त्यांचा पांढरा ढीग झाला आहे.

दक्षिणेला नोआरमूतिए बेटाला जाणारा चार किलोमीटरचा दगडी रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. पूल १९७१ मध्ये झाला, तरी लोक हौसेने याच रस्त्याने जातात. मधून मधून उंच खांबांवर मचाणं आहेत, वेळ चुकलेल्यांसाठी. १९९९ च्या तूर द फ्रान्समध्ये इथल्या ओल्या शेवाळावर सायकलींचा ढीग पडला आणि आलेक्स झ्यूले या सायकलपटूची सहा मिनिटं एका फटक्यात गेली.

जवळच गेरांदची मिठागरं. खाडीचं पाणी कालव्याने आत घ्यायचं, वळणावळणाच्या उथळ वाफ्यांतून फिरवत घट्ट करायचं. लांब दांड्याच्या लाकडी फळीने आगरी तळाचं करडं मीठ ओढतो. वारा कोरडा असेल तर संध्याकाळी पाण्यावर मिठाची पातळ साय धरते, ती अलगद खरवडून घ्यायची. तिलाच 'मिठाचं फूल' म्हणतात आणि ती भाव खाते. १९७० च्या सुमारास इथे नौकांचं बंदर आणि रस्ते करण्याचा घाट होता. आगरी आडवे आले, सहकारी संस्था उभी केली, तरुणांना प्रशिक्षण सुरू केलं. आता तीच मिठागरं पाहायला पर्यटक येतात.

मात्र सगळं इतकं गोड नाही. ब्रिटनीतल्या डुक्करपालनामुळे शेतांत साठलेलं नायट्रेट ओढ्यांतून समुद्रात येतं आणि काही खाड्यांत हिरव्या शेवाळाचे थर साचतात. ते कुजलं की विषारी वायू सुटतो. २००९ मध्ये सँ-मिशेल-आँ-ग्रेवच्या पुळणीवर एक घोडा त्यात मेला आणि त्याचा स्वार बेशुद्ध पडला. शेत आणि किनारा या फ्रेंच सुट्टीच्या दोन जागा एकाच ओढ्याने जोडलेल्या आहेत.

सरकारने किनारा नुसता राखला असंही नाही. लोक सुट्टीचे पैसे स्पेनमध्ये उधळतात हे पाहून १९६३ मध्ये पिएर रासीन यांच्या हाताखाली लाँगदोकच्या डासग्रस्त किनाऱ्यावर नवी नगरं वसवायची मोहीम निघाली. डास मारले, झाडं लावली, आणि जाँ बालादूर या वास्तुकाराने ला ग्रांद-मोतला मेक्सिकोतल्या पिरॅमिडांच्या धर्तीवर इमारती उभारल्या. तेव्हा टीकाकारांनी काँक्रीटचा राक्षस म्हणून हिणवलेलं हे गाव २०१० मध्ये विसाव्या शतकाचा वारसा ठरलं.

अटलांटिकवर सुलाक इथे त्याच उत्साहाच्या काळात, १९६७ मध्ये, 'ल सिन्याल' ही समुद्राभिमुख इमारत झाली. तेव्हा पाणी दोनशे मीटर दूर होतं. समुद्र वाळू खात आत आला आणि २०१४ मध्ये तिच्या ७८ सदनिका रिकाम्या करायला लावल्या. नैसर्गिक आपत्तीसाठीच्या निधीतून भरपाई मिळेना, कारण कायद्याच्या लेखी किनाऱ्याची धूप ही अचानक येणारी आपत्ती नव्हती. प्रकरण घटना परिषदेपर्यंत गेलं, तिथेही रहिवासी हरले. शेवटी सरकारने खास तरतूद करून घरांच्या मूळ किमतीच्या सुमारे सत्तर टक्के रक्कम दिली आणि २०२३ मध्ये इमारत पाडली. दरम्यान २०२१ मध्ये नवा कायदा आला आहे. धोका असलेल्या गावांनी नकाशे करायचे. तीस वर्षांत जिथे समुद्र येईल तिथे पक्कं बांधकाम जवळजवळ बंद. तीस ते शंभर वर्षांच्या पट्ट्यात घर बांधता येतं, पण बांधणाऱ्याने ते पुढे पाडण्याचा खर्च आधीच जमा करायचा.