‘हिरवा तुरुंग’ लिहिणारा केळीबागेतला मजूर

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य अमेरिकेतल्या होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यावर अमेरिकन फळकंपन्यांचे राज्य होते. सुपीक जमीन, रेल्वे, बंदरे, सगळीकडे त्यांचाच शब्द चाले. याच भागातल्या ओलांचितो गावात १९१६ साली रामोन आमाया आमादोर जन्मले. तरुणपणी त्यांनी कंपनीच्या केळीबागांत मजुरी केली.

तिथे केळीवरच्या रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारले जाई. आपल्याकडचे द्राक्षबागायतदारही ते ओळखतात. फवारणाऱ्या मजुराला लोक ‘वेनेनेरो’ म्हणत, म्हणजे विष मारणारा. ‘प्रिसियोन वेर्दे’ (हिरवा तुरुंग) ही आमाया आमादोर यांची कादंबरी याच माणसांची आहे.

तिच्यातला मजूर पुढारी माक्सिमो लुहान मारला जातो. पण आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो मार्तिन सामायोआ. तो मुळात जमीनमालक. कंपनीला जमीन विकतो, हातात आलेला पैसा संपतो आणि शेवटी त्याच कंपनीच्या बागेत मजूर म्हणून उभा राहतो. जमीन गेली की माणसाचे काय होते, हे समजायला शिबिरातल्या दहा भाषणांपेक्षा हे एक पात्र पुरे आहे.

१९४३ मध्ये त्यांनी ओलांचितोतच ‘अलेर्ता’ हे साप्ताहिक सुरू केले. तेव्हा तिबुर्सियो कारियास यांची हुकूमशाही होती. १९४७ मध्ये त्यांना देश सोडून ग्वाटेमालात जावे लागले. तिथेही ते वर्तमानपत्रांतून लिहीत राहिले. कादंबरी १९५० मध्ये मेक्सिकोत छापली गेली.

मे १९५४ मध्ये होंडुरासच्या केळीमजुरांनी संप पुकारला. सुमारे पंचवीस हजार मजूर, ६९ दिवस! हा संप कादंबरीने घडवला असे आम्ही म्हणणार नाही. तो मजुरांनी उभारला. पाच वर्षांनी देशाला कामगार संहिता मिळाली, तिची वाट याच संपाने मोकळी केली.

त्याच जूनमध्ये ग्वाटेमालात सीआयएच्या मदतीने आर्बेन्स सरकार पाडले गेले. आमाया आमादोर अर्जेंटिनाच्या वकिलातीत शिरले आणि तिथून अर्जेंटिनाला गेले. १९५७ मध्ये मायदेशी परतले, दोन वर्षांनी पुन्हा बाहेर पडले, या वेळी प्रागला, कम्युनिस्ट चळवळीच्या आंतरराष्ट्रीय मासिकात काम करायला. नोव्हेंबर १९६६ मध्ये ब्रातिस्लाव्हाजवळ विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. वय पन्नास. त्यांचे अवशेष होंडुरासला आले ते १९७७ मध्ये.