टेलिव्हिजन : एका शब्दाचीं दोन कुळें

आज ज्या शब्दाविषयीं बोलावयाचें आहे, तो घरोघरीं पोहोंचलेला आहे. तो शब्द म्हणजे टेलिव्हिजन. सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या आमच्या सोनाळ्यांतहि लहान मूल 'टीव्ही' म्हणतें. पण अर्थ विचारला तर पेटीकडे बोट दाखवितें.

या शब्दाचीं अंगें दोन. 'टेली' हें ग्रीक. त्याचा अर्थ दूर. 'व्हिजन' हें लॅटिन. त्याचा अर्थ पाहणें, दर्शन. १९०० सालीं पॅरिस येथें भरलेल्या विद्युत्-परिषदेंत कॉन्स्टँटिन पर्स्की या रशियन गृहस्थांनीं तो आपल्या निबंधांत योजिला. बेअर्ड यांनीं लंडनमध्यें हें यंत्र चालवून दाखविलें तें १९२६ सालीं. म्हणजे नांव आधीं ठरलें, वस्तु मागून आली!

दोन भाषांची ही सोयरीक कित्येक पंडितांस रुचली नाहीं. आपल्याकडील 'दूरदर्शन' मात्र सर्वस्वीं संस्कृत. ही सेवा दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं सुरू झाली व मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं आली. पण शब्द एका कुळाचा म्हणून श्रेष्ठ, असें म्हणतां येईल काय? 'गैरसमज' यांतील 'गैर' अरबी, 'बेसावध' यांतील 'बे' फारसी. तरी हे शब्द आपल्याला परके वाटत नाहींत. 'दुर्बीण' तर मूळची फारसीच. 'दूर' म्हणजे लांब आणि 'बीन' म्हणजे पाहणारा.

आणखी खोल गेलें तर परकेपणाहि उरत नाहीं. 'व्हिजन' ज्या लॅटिन धातूपासून निघालें, तो आपल्या 'विद्' धातूचा भाऊबंद. त्याच 'विद्'पासून वेद आणि विद्या हे शब्द झाले. फारसी 'दूर' आणि संस्कृत 'दूर' हेहि एकाच घराण्यांतले.

हा केवळ पंडितांचा विषय नव्हे. इंग्रजीच्या धाकानें शाळा सोडणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत. त्यांना स्पेलिंगें घोकविलीं जातात, अर्थ उलगडून दाखविला जात नाहीं. 'टेली' म्हणजे दूर एवढें कळलें कीं टेलिफोन म्हणजे दूरचा आवाज, टेलिग्राफ म्हणजे दूरचें लेखन, टेलिस्कोप म्हणजे दूरचें पाहण्याचें साधन, हें मूल आपण होऊन सांगतें. आणि त्याची भीति निम्मी ओसरते.

म्हणून शब्दाचें कूळ जरूर विचारावें. पण तें ओळख पटण्यासाठीं, पंक्तींतून उठविण्यासाठीं नव्हे.