पडद्यावरचे गणकयंत्र : सूची, कळसंयोग आणि पडताळा



स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने गणकयंत्राविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु यंत्राशी होणारा व्यवहार हाही मुळात भाषेचाच व्यवहार आहे. यंत्राच्या कळांना नावे आहेत. त्या कोणत्या क्रमाने दाबावयाच्या याचे व्याकरण आहे. आणि संदर्भ बदलला की एकाच वाक्याचा अर्थ जसा बदलतो, तसे त्याच कळा त्याच क्रमाने दाबूनही उत्तर बदलते. ही तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देणे, हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या आपल्या मुलखातील विद्यार्थ्याची स्थिती थोडी निराळी आहे. १९५६ पर्यंत हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. नंतरच्या मध्य प्रदेशात तो छिंदवाडा जिल्ह्याचा भाग राहिला आणि २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. या सर्व स्थित्यंतरांत घरची मराठी टिकली. त्यामुळे येथील मुलगा घरी मराठी बोलतो, वर्गात बहुधा हिंदीतून शिकतो आणि संगणकासमोर बसला की त्याला इंग्रजी अक्षरे दिसतात. पडद्यावरच्या गणकयंत्रावर ‘साइन’, ‘कॉस’, ‘टॅन’ अशी आखूड नावे पाहून तो बिचकतो. वास्तविक त्यांपैकी पहिले नाव आपल्याच घरातून गेलेले आहे. आर्यभटाच्या परंपरेतील ‘ज्या’ किंवा ‘जीवा’, म्हणजे धनुष्याची दोरी, हा शब्द अरबीत ‘जीबा’ झाला. स्वर न लिहिण्याच्या अरबी रीतीमुळे तो ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी किंवा कुशी, असा वाचला गेला. आणि बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याचे भाषांतर ‘सायनस’ झाले. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांतील गणिताच्या परिभाषेत ‘ज्या’ आणि ‘कोज्या’ आहेतच. तेव्हा ‘साइन’ची कळ दाबताना परक्या दारात उभे राहिल्याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आता ‘सिम्युलेटर’ म्हणजे काय ते पाहू. हातात धरावयाच्या वैज्ञानिक गणकयंत्राचे काम संगणकाच्या पडद्यावर हुबेहूब करून दाखविणारी आज्ञावली म्हणजे सिम्युलेटर. आपण तिला अनुकरणयंत्र म्हणू. हातातले वैज्ञानिक गणकयंत्र १९७२ साली ‘एचपी-३५’ या नावाने प्रथम बाजारात आले. त्यापूर्वीचा काळ सरकपट्टीचा आणि क्लार्कच्या कोष्टकांचा होता. पडद्यावरच्या अनुकरणयंत्रांचे दोन प्रकार सांगता येतील. एका प्रकारात विशिष्ट यंत्राची कळ न् कळ उतरविलेली असते. कॅसिओच्या यंत्रांची अशी अनुकरणे शिक्षकांना वर्गात पडद्यावर दाखविण्यासाठी उपयोगी पडतात. दुसऱ्या प्रकारात कोणत्याही एका यंत्राची नक्कल नसून वैज्ञानिक गणकयंत्राची सर्वसाधारण रीत घेतलेली असते. विंडोज संगणकात असणारे गणकयंत्र या दुसऱ्या प्रकारचे. ते बहुतेक शाळांतील संगणकांवर आयतेच असल्यामुळे आपण तेच उदाहरणादाखल घेऊ.

हे गणकयंत्र उघडले की डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघांची एक खूण दिसते. ती दाबली की मेनू उघडतो. मेनू म्हणजे सूची. ग्रंथाच्या आरंभी अनुक्रमणिका असते तशीच. तीत ‘स्टँडर्ड’ म्हणजे साधे, ‘सायंटिफिक’ म्हणजे वैज्ञानिक, आलेख काढणारे, आज्ञावलीकारांसाठीचे, तारखांचे अंतर सांगणारे असे यंत्राचे निरनिराळे अवतार एकाखाली एक दिलेले असतात. अवतार बदलला की केवळ कळांची संख्या वाढत नाही, तर गणिताची रीतही बदलते. दोन अधिक तीन गुणिले चार, असे साध्या अवतारात क्रमाने दाबले तर उत्तर २० येते, कारण ते आधी दोन आणि तीन यांची बेरीज करून मोकळे होते. वैज्ञानिक अवतारात हेच दाबले तर उत्तर १४ येते, कारण तेथे गुणाकाराचा मान आधीचा असतो. पाठ्यपुस्तकाचा नियम दुसऱ्या उत्तराच्या बाजूचा आहे. म्हणून वैज्ञानिक गणित करावयाचे तर प्रथम सूचीतून योग्य अवतार निवडणे अगत्याचे.

वैज्ञानिक अवतारात आणखी दोन लहान सूची आहेत. ‘ट्रिगॉनॉमेट्री’ या सूचीत ज्या, कोज्या इत्यादी त्रिकोणमितीची फलने दडलेली असतात. ‘फंक्शन’ या सूचीत निरपेक्ष मूल्य, दशांश अंशांचे अंश-कला-विकलांत रूपांतर, अशी इतर फलने. या रूपांतराबाबत एक सावधगिरी हवी. भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते ते ८२.५ अंशांचे. ही संख्या देऊन रूपांतर केले की पडद्यावर ८२.३ असे उमटते. त्याचा अर्थ ब्याऐंशी अंश तीस कला असा आहे, ब्याऐंशी पूर्णांक तीन दशांश असा नव्हे. यंत्र लिहिते एक आणि वाचणारा समजतो दुसरेच, असा हा प्रसंग.

सूचीतून एकेक गोष्ट निवडणे निश्चित असले तरी सावकाश असते. म्हणून कळफलकावरचे कळसंयोग, म्हणजेच शॉर्टकट, योजिलेले आहेत. ‘ऑल्ट’ दाबून १ दाबले की साधा अवतार येतो, २ दाबले की वैज्ञानिक. ‘एस’ने ज्या, ‘ओ’ने कोज्या, ‘टी’ने स्पर्शज्या मिळते, कोज्येसाठी ‘सी’ नव्हे, ‘ओ’, हे लक्षात ठेवावे. ‘एल’ने दशमान लघुगणक, ‘एन’ने नैसर्गिक लघुगणक, ‘पी’ने पाय, ‘क्यू’ने वर्ग, ‘आर’ने व्यस्त आणि उद्गारचिन्हाने क्रमगुणित. ‘शिफ्ट’सह ‘एस’ दाबल्यास ज्येवरून उलट कोन मिळतो. ‘एफ-९’ने संख्येचे चिन्ह पालटते, ‘डिलीट’ने नुकतीच दिलेली संख्या पुसली जाते आणि ‘एस्केप’ने सगळी पाटी कोरी होते. ‘कंट्रोल’सह ‘एम’ने संख्या स्मृतीत ठेवता येते, ‘आर’ने ती परत बोलावता येते, ‘पी’ने तीत भर घालता येते आणि ‘एल’ने स्मृती रिकामी करता येते. येथे जुनी सवय फसवू शकते. इतर आज्ञावल्यांत ‘कंट्रोल’ आणि ‘पी’ म्हणजे छपाई, ‘कंट्रोल’ आणि ‘एस’ म्हणजे जतन. गणकयंत्रात पहिल्याने स्मृतीत भर पडते आणि दुसऱ्याने ज्येचे अपास्तीय रूप निघते.

पाणिनीच्या व्याकरणाशी ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. ‘अच्’ म्हटले की सर्व स्वर आले, ‘हल्’ म्हटले की सर्व व्यंजने आली. परंतु ही संक्षेपाची सोय त्यालाच उपयोगी, ज्याने मूळ वर्णक्रम आधी मुखोद्गत केला आहे. कळसंयोगांचेही तसेच आहे. सूची ही शिकणाऱ्यासाठी, कळसंयोग हा शिकलेल्यासाठी. पहिले काही दिवस सूचीतूनच जावे. प्रत्येक फलन कोठे आहे, त्याच्या शेजारी काय आहे, हे डोळ्यांनी पाहावे. मग ज्याचे काम वारंवार पडते तेवढ्याचेच कळसंयोग पाठ करावेत. आपल्या पूर्वीच्या पिढ्यांनी पावकी, निमकी, दिडकी पाठ केली ती बाजारात रोज लागत असे म्हणून.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कोन मोजण्याची एकके या यंत्रात तीन आहेत : अंश, रेडियन आणि ग्रेडियन. काटकोनात ९० अंश किंवा १०० ग्रेडियन असतात. रेडियनमध्ये तोच काटकोन पायच्या निम्म्याइतका, म्हणजे सुमारे १.५७ भरतो. पडद्याच्या आकड्याखाली ‘डेग’, ‘रॅड’ किंवा ‘ग्रॅड’ असे एक बारीक अक्षरांतले नाव असते. ‘एफ-३’ने अंश, ‘एफ-४’ने रेडियन आणि ‘एफ-५’ने ग्रेडियन निवडले जाते. बोट एक कळ इकडे किंवा तिकडे सरकले की यंत्राचे एकक बदलते आणि पडद्यावर त्याची एवढीच बारीक खूण राहते.

समजा, गावातील पाण्याच्या टाकीपासून सपाट जमिनीवर ४० मीटर दूर उभे राहून टाकीच्या माथ्याकडे पाहिले आणि उन्नतकोन ३५ अंश भरला. डोळ्याची उंची तूर्त सोडून देऊ. उंची म्हणजे ४० गुणिले ३५ अंशांची स्पर्शज्या. कळा दाबावयाच्या त्या अशा : ४०, गुणिले, ३५, ‘टी’, बरोबर. यंत्र अंशांत असेल तर उत्तर २८.०१ मीटर येईल. तेच यंत्र रेडियनमध्ये असेल तर १८.९५ येईल आणि ग्रेडियनमध्ये असेल तर २४.५१. कळा तिन्ही वेळा त्याच आणि यंत्राचा हिशेबही तिन्ही वेळा बिनचूक. शिवाय या तिन्ही उंचींच्या टाक्या जगात असू शकतात. उत्तर अचाट आले असते तर विद्यार्थी थबकला असता. येथे थबकण्याजोगे काहीच नाही. ज्या चुकीचे तोंड खऱ्यासारखे असते तीच अधिक घातक.

यावर पहिला उपाय म्हणजे अदमास. ३० अंशांची स्पर्शज्या सुमारे ०.५७७ आणि ४५ अंशांची १, एवढे शाळेत शिकलेले असतेच. तेव्हा ३५ अंशांना उंची २३ आणि ४० मीटर यांच्या दरम्यान असली पाहिजे. या कसोटीवर १८.९५ तत्काळ बाद होते. मात्र २४.५१ हे उत्तर या चाळणीतूनही निसटते. म्हणून दुसरा उपायही हवा. काम सुरू करण्यापूर्वी ३० दाबून ‘एस’ दाबावे. ०.५ आले तर यंत्र अंशांत आहे. उणे ०.९८८ आले तर ते रेडियनमध्ये, ०.४५४ आले तर ग्रेडियनमध्ये. दोन-तीन कळांचा हा पडताळा, परंतु पुढची सारी गणिते त्यावर उभी असतात.

यंत्र बदलले की कळांचा क्रमही बदलतो, हेही सांगितले पाहिजे. विंडोजच्या गणकयंत्रात आधी कोन आणि मग फलन. कॅसिओच्या अनुकरणयंत्रांत आधी ‘टॅन’ आणि मग ३५, म्हणजे वहीत लिहितो तसे. कोनाचे एकक बदलण्याची वाटही प्रत्येक नमुन्यात वेगळी. ‘एफएक्स-८२ एमएस’मध्ये ‘मोड’ दोनदा दाबून १ निवडले की अंश. ‘एफएक्स-९९१ ईएस’मध्ये ‘शिफ्ट’, ‘मोड’ आणि मग ३. पाठ केलेली कळ दुसऱ्या यंत्रावर चालेलच असे नाही. परंतु एकक तपासले पाहिजे ही जाण मात्र कोणत्याही यंत्रावर चालते.

याचे व्यावहारिक महत्त्व परीक्षेत कळते. अभियांत्रिकीच्या पदवीनंतरची ‘गेट’ ही परीक्षा संगणकावर होते. तिच्यात स्वतःचे गणकयंत्र नेता येत नाही. पडद्यावरच एक वैज्ञानिक गणकयंत्र दिलेले असते. त्याच्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की, ते माउसनेच चालवावयाचे, कळफलक तेथे चालत नाही. नव्या गणितापूर्वी ‘सी’ दाबून पाटी कोरी करावी, गणित चालू असताना कोनाचे एकक बदलू नये, कंस अपुरे सोडू नयेत, असेही त्यात बजावलेले आहे. आरंभी ते अंशांत असते. ज्याने केवळ कळसंयोगांवर हात बसविला त्याला येथे हात बांधल्यासारखे होईल. ज्याने कधी पडद्यावरच्या गणकयंत्राला हातच लावला नाही, त्याची मिनिटे कळ शोधण्यातच जातील. मोठ्या शहरातील मुलाला ही सवय शिकवणी-वर्गात लागते. आपल्याकडच्या मुलाला ती शाळेच्या संगणकावरच लागली पाहिजे, आणि म्हणून शिक्षकांनी आठवड्यातून एखादा तास तरी कळफलक बाजूला ठेवून केवळ माउसने गणिते करवून घ्यावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

हा विषय आपल्या भूमीला परका नाही. कोन मोजून दूरचे अंतर आणि उंची काढण्याचे जे प्रचंड काम एकोणिसाव्या शतकात भारतभर झाले, त्याचे आद्य प्रवर्तक विल्यम लॅम्ब्टन यांनी १८२३ साली आपल्या विदर्भातील हिंगणघाट येथे देह ठेवला. त्याच सर्वेक्षणात पुढे राधानाथ सिकदार यांनी हिमालयातील शिखरांच्या उंचीचे हिशेब केले. त्यांच्या हुद्द्याचे नाव ‘कॉम्प्युटर’ असे होते, कारण तेव्हा हा शब्द माणसाला लावीत. महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध केली. या मंडळींच्या हाती कळा नव्हत्या, कोष्टके होती. कोष्टकातला आकडा उचलण्यापूर्वी तो कोणत्या एककाचा आहे हे पाहणे त्यांना भागच होते. यंत्राने आपले श्रम हलके केले, ते पाहण्याची जबाबदारी मात्र आपल्याकडेच ठेवली.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज अभियंते, शिक्षक, सर्वेक्षक आहेत, त्यांनी सुटीत गावी आल्यावर शाळेच्या संगणकासमोर धाकट्यांना तासभर घेऊन बसावे. प्रथम सूची उघडून दाखवावी, मग चार कळसंयोग शिकवावेत, आणि प्रत्येक गणितापूर्वी ३०ची ज्या काढून पाहण्याची सवय लावावी. ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही पुस्तिका निघत आहे, त्यांना याहून अधिक उचित अशी आदरांजली मला सुचत नाही.