ब्लूटूथ संचाची क्रमिक जोडणी

क्रमिक द्वाराला, म्हणजे एकामागून एक बिट वाहून नेणाऱ्या मार्गाला, जोडलेला ब्लूटूथ रेडिओ-संच संगणक सुरू होतानाच प्रचालन प्रणालीच्या ताब्यात देण्याची क्रिया. लिनक्स प्रणालीत ती शेल स्क्रिप्टने, म्हणजे क्रमवार आज्ञांच्या मजकुराने, करता येते. ब्लूटूथ ही २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील अल्प पल्ल्याची बिनतारी संदेशवहन पद्धती असून तिच्यावरील कामास एरिक्सन या स्वीडिश कंपनीत १९९४ मध्ये प्रारंभ झाला.

यूएसबी द्वाराला लावलेला संच आपला निर्माता व प्रकार यांचे क्रमांक स्वतःच कळवितो. त्यामुळे योग्य चालक-आज्ञावली निवडली जाते. क्रमिक द्वारात अशी सोय नसते. पलीकडे ब्लूटूथ संच आहे की मोडेम, हे तारांवरून कळत नाही. म्हणून द्वाराचे नाव, संचाचा प्रकार व वेग ही माहिती बाहेरून पुरवावी लागते. ब्लूझेड या आज्ञावली-संग्रहातील ‘एचसीआयअटॅच’ ही आज्ञा त्यासाठी रूढ झाली.

उदा., २०१६ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकातील ब्रॉडकॉम चिप क्रमिक द्वारावर आहे. चिपशी प्रथम सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाने संपर्क साधतात. वीज जाताच तिच्यातील पूरक आज्ञावली पुसली जात असल्याने ती दर वेळी नव्याने भरतात. मग वेग वाढवितात : प्रवाह-नियंत्रणाच्या तारा उपलब्ध असल्यास ३०,००,०००, नसल्यास ९,२१,६००. शेवटी द्वार गाभा-प्रणालीच्या ब्लूटूथ विभागाकडे सोपविले जाते.

यात क्रमाला महत्त्व आहे. द्वार तयार होण्यापूर्वी आज्ञा दिल्यास जोडणी फसते. त्याच द्वारावर प्रणालीचा संदेश-पटल चालू असल्यास दोहोंचे बिट मिसळतात. संगणकाला केवळ ब्लूटूथ कळफलक असेल, तर चूक दुरुस्त करण्याचे साधनही हाती उरत नाही. यास्तव चांगली स्क्रिप्ट द्वाराची वाट पाहते, ठरावीक वेळा प्रयत्न करते व अपयशाची नोंद ठेवते.

२०१७ मध्ये लिनक्स गाभ्याच्या ४.११ या आवृत्तीत क्रमिक द्वारावरील संचाचे वर्णन प्रणालीलाच पुरविण्याची व्यवस्था आली. असे वर्णन उपलब्ध असेल व चालक-आज्ञावली त्याचा उपयोग करीत असेल, तेथे जोडणी गाभाच करतो; इतरत्र स्क्रिप्टची गरज कायम आहे.