टेहळणीच्या ठाण्यांना पहारेकरी हवा

नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळात पोर्तुगीज घडणीची एक प्रचंड घंटा आहे. वसईच्या मोहिमेनंतर ती घाटावर आली, असे परंपरा सांगते. याच नारोशंकर राजेबहाद्दरांनी मालेगावात मोसमच्या काठी भुईकोट बांधला. मालेगावचा समुद्राशी संबंध तो काय, असे विचारणाऱ्यास हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर ताजे आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा बागलाणातला साल्हेर आणि थळसमोरच्या समुद्रातला खांदेरी एकाच यादीत आले. दोहोंची राखण राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे.

खांदेरीचे महत्त्व तटाच्या उंचीत नव्हते. मुंबई बंदरात जाणारे-येणारे जहाज तेथून दिसे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तेथे तटबंदीस हात घालताच इंग्रजांनी जहाजे धाडली आणि पाठोपाठ सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, ती याच कारणाने. टेहळणीच्या ठाण्याचे मोल त्याच्या नजरेच्या टप्प्यावर आणि शेजारच्या ठाण्यावर ठरते. उत्तर कोकणात केळवे, शिरगाव, तारापूर ही पोर्तुगीजांची ठाणी अशीच एका ओळीत उभी होती. १७३९ साली वसईचा पाडाव होण्यापूर्वी मराठ्यांना ती घ्यावी लागली. तारापुरास बाजी भीवराव कामी आले.

यादीत मात्र ओळ येत नाही, त्यातला एखादा मोठा किल्ला येतो. कायद्याचे संरक्षणही अधिसूचित वास्तूंनाच मिळते. आणि अधिसूचना निघाली तरी प्रश्न उरतोच, कारण तो मूलतः आवर्ती खर्चाचा आहे. जीर्णोद्धाराला एकरकमी अनुदान मिळते. त्याला कोनशिला असते, समारंभ असतो. पावसाळ्यानंतर तटातले पिंपळाचे रोप उपटणे, निखळलेला दगड चुन्यात बसवणे, रखवालदाराचा पगार देणे, यांना कोण कोनशिला बसवणार? ते रोप पहिल्या वर्षी हाताने निघते. वीस वर्षांनी बुरूज घेऊन जाते. केळव्याच्या किनाऱ्यावरचा भुईकोट वाळूखाली गेला होता. इतिहासप्रेमी तरुणांनी श्रमदानाने तो मोकळा केला, हे त्यांना भूषणावह आहे. परंतु वाळू दरवर्षी येते, आणि श्रमदान दरवर्षी होईलच असे नाही.

वापरात असलेली वास्तू काही अंशी स्वतःची राखण करते. मालेगावचा भुईकोट १८१८ च्या मे-जून महिन्यांत इंग्रजी तोफांसमोर झुंजला. पुढे तटाला खेटून वस्ती आली. आत मात्र शाळा भरते, म्हणून दिवसाकाठी त्या भिंतींकडे पाहणारे कोणी तरी असते. खांदेरीवर १८६७ पासून दीपगृह आहे. किनाऱ्यावरच्या लहान बुरुजांना असा वापर सहसा मिळत नाही. तेथे ग्रामपंचायतीकडे देखभाल सोपवून जिल्हा नियोजनातून दरसाल ठरावीक रक्कम आणि एका स्थानिक रखवालदाराचे वेतन दिले, तर तो खर्च जीर्णोद्धाराच्या एका ठेक्यापुढे किरकोळ ठरेल. केळवे, शिरगाव आणि तारापूर ही तिन्ही गावे पालघर या एकाच जिल्ह्यात आहेत. आरंभ तेथून करता येईल.