अनोळखी माणसाचे भय

रस्त्यात वाऱ्याने पिशवी उडाली की बैल बुजतो. अनोळखी बाईने उचलले की तान्हे मूल रडते. नव्याची भीती ही उपजतच असते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

पण बैलाला सवय झाली की तो शांत होतो. ओळख झाली की मूलही मांडीवर येऊन बसते. मोठ्या माणसाचे मात्र वेगळे आहे. तो आपल्या भीतीला कारण शोधतो, आणि खरे कारण मिळाले नाही तर मनानेच रचतो. “हे लोक चोरटे असतात.” “हे लोक पोरं पळवतात.” माणसाला ओळखण्याआधीच त्याच्याविषयी असे वाईट मत करून घेणे, याला पूर्वग्रह म्हणतात.

पूर्वग्रह कसा चालतो ते पाहा. आपल्या गावातल्या एकाने चोरी केली तर आपण म्हणतो, “अमक्याच्या पोरानं चोरी केली.” दोष त्या एकट्याचा राहतो. पण गावाबाहेर पाल ठोकून राहिलेल्यांपैकी एकाने चोरी केली तर म्हणतो, “ती जातच तसली.” असे का होते? गावातली शंभर चांगली माणसे आपल्याला नावाने ठाऊक असतात. पालावरचा एकही माणूस ठाऊक नसतो. म्हणून एकाचा दोष सगळ्यांच्या माथी बसतो.

सरकारेही अशी चूक करतात. इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला. त्यात काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवले. गुन्हा न करताही त्यांना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. म्हणून त्या जमातींना विमुक्त, म्हणजे मोकळे झालेले, असे म्हणतात. कायदा गेला, पण लोकांच्या मनातला संशय सहजासहजी जात नाही.

संशयाला अफवेची जोड मिळाली की काय होते? १ जुलै २०१८ ची गोष्ट आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गाव आहे. तिथे आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे त्या दिवशी गावात आली. हा समाज गावोगाव फिरून भिक्षा मागतो. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे तालुक्यातले होते. त्या दिवसांत मोबाईलवर एकच अफवा फिरत होती, “मुलं पळवणारी टोळी आली आहे.” लोकांनी या पाचांना तीच टोळी समजून मारहाण केली. ग्रामपंचायतीच्या खोलीतसुद्धा त्यांना सोडले नाही. पाचही जण मेले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते.

त्या गर्दीत मुलाबाळांची माणसेच होती. आपली लेकरे वाचवावीत असेच त्यांना वाटले असेल. पण त्या पाचांचीही घरी माणसे होती. पुढे २०२४ साली न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. म्हणजे मारणाऱ्यांची घरेही उघडी पडली. एका अफवेपायी एवढे सगळे झाले.

भीती कशाने जाते? ओळखीने. आम्ही शाळेत हे वर्षानुवर्षे पाहिले. परगावचे नवे पोर आले की आठ दिवस त्याच्याजवळ कोणी बसत नसे. एकदा ते कबड्डीत उतरले की मुले त्याला नावाने हाका मारीत. मग त्याची जात कोणती, गाव कोणते, हे कोणाच्या ध्यानातही राहत नसे.

आपल्याच जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानतात. नामदेव इथून पार पंजाबात गेले. भाषा वेगळी, पेहराव वेगळा, मुलूख वेगळा. तिथे ते परकेच होते. तरी तिथल्या लोकांनी त्यांना आपले केले. घुमान गावी त्यांचे स्थान जपले आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. “कुठला कोण हा” म्हणून पंजाबने त्यांना हाकलले असते, तर केवढे मोठे नुकसान झाले असते!

सावध राहू नये असे आम्ही म्हणत नाही. लेकरांवर लक्ष ठेवावेच. पण अनोळखी माणूस दिसला तर आधी विचारावे, “कोणच्या गावचे हो पाव्हणे? काय काम काढलं?” संशय फिटला नाही तर पोलीस पाटलाला बोलवावे, किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. गर्दी जमवू नये. कोणी हात उचलला तर त्याला धरावे. मोबाईलवर आलेली बातमी खरी की खोटी हे कळेपर्यंत पुढे धाडू नये.

पोटासाठी आपली पोरेही पुण्या-मुंबईला जातात. तिथे तीही अनोळखीच असतात. तिथल्या माणसांनी त्यांच्याशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसेच आपण गावात आलेल्याशी वागावे.